मिरचीच्या गोडाऊनमधला निळा ठिपका

कोणी "हे इथे होणार नाही" असं म्हटलं, की आमच्या मॅडम हातातला पाना खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, जणू तो वर्गात उशिरा आलाय. मग अगदी शांतपणे विचारायच्या, "कोन म्हनस?"

म्हणणारा समोरच उभा असायचा. त्यानं आत्ताच म्हटलेलं असायचं. तरी मंडळी, त्या प्रश्नावर छाती काढून "मी म्हणतो" असं सांगणारा माणूस मी नंदुरबारात पाहिला नाही. प्राचार्य घसा साफ करायचे. ठेकेदार मोबाइल बघायचा. मी स्वतः एकदा "कोणी नाही, सहज आपलं" असं म्हणून बाहेर आलो होतो. आणि मी नाटकवाला माणूस, ऐन वेळी वाक्य विसरणं मला शोभत नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि दरवर्षी एकांकिका बसवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर संस्थेचे अध्यक्ष मला चहाला बोलावतील, आणि तो चहा फार गोड असतो. आमच्या तालमी आवाराच्या टोकाला एका जुन्या गोडाऊनमध्ये चालायच्या. कधीकाळी तिथे लाल मिरचीची पोती रचलेली असायची. पोती गेली, मिरची गेली नाही. ती भिंतीत मुरून बसली. माझ्या एकांकिकेतला राजा मरायचा तो शिंकत मरायचा. मुली तालमीत इतक्या खऱ्याखुऱ्या रडायच्या, की स्पर्धेच्या रंगमंचावर नेमक्या कोरड्या पडायच्या.

आणि एका हिवाळ्यात बघतो तर काय, गोडाऊन सताड उघडं. आत स्टीलचे जाडजूड पाइप, चुंबकांची धुडं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले पंप. "सर, इथे आता अ‍ॅक्सिलरेटर बसणार," प्राचार्य म्हणाले. मी मनातल्या मनात एक खणखणीत भाषण रचलं आणि भांडायला गेलो.

साठी ओलांडलेल्या एक बाई, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातांत पांढरे मोजे, पाइपाच्या तोंडात डोकं घालून उभ्या होत्या.

"बाई, ही आमची तालमीची जागा आहे," मी रंगमंचावरचा आवाज लावला.

पाइपातून उत्तर घुमत आलं, "मग करा तालीम. मला आवाज चालतो. फक्त पाइपाला बोट लावायचं नाही."

"का?"

डोकं बाहेर आलं. "बोटाला तेल असतं, घाम असतो. बोटाचा एक ठसा आत राहिला, तर तो दिवसेंदिवस वाफ सोडत बसतो. मला आत काहीच नकोय. हवासुद्धा नको."

काहीच नको असलेलं माणूस मी आमच्या संस्थेत पहिल्यांदाच पाहत होतो. माझं भाषण तिथेच संपलं.

मॅडम मूळच्या जवळच्याच कोरीट गावच्या, गुजर घरातल्या. केळी आणि कापूस करणारं घर. त्या आमच्याच कॉलेजातून बीएस्सी झाल्या. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडलं आणि पुढे शिकायला गाडीत बसल्या. त्यानंतर सगळी नोकरी मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत, जड आयनांची प्रचंड यंत्रं उभारण्यात आणि ती पहिल्यांदा चालू करून देण्यात गेली. यंत्र चालू झालं की शास्त्रज्ञ येत, प्रयोग करत. मॅडम पुढच्या यंत्राच्या पाइपात डोकं घालत.

हे यंत्र काय करतं, ते त्यांनी मला, म्हणजे विज्ञानात काठावर पास झालेल्या माणसाला, असं समजावलं होतं. आर्गॉन नावाचा वायू घ्यायचा. विजेनं त्याच्या अणूंचे एकदोन इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. जे उरतं ते जड आयन. त्याला दोन लाख व्होल्टच्या उतारावर सोडून द्यायचं, की ते सुसाट पळतं. "आणि हवा कशासाठी काढायची?" मी विचारलं. "बाजाराच्या दिवशी स्टेशन रोडवरून सायकल पळवून बघा," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे कळेल."

मोठ्या यंत्रांत हेच जड आयन इतक्या वेगानं आदळतात, की अणूची केंद्रं एकमेकांत घुसतात आणि पोटातलं सांगून टाकतात. आमचं यंत्र तिथवर जाणार नव्हतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं ते लहान यंत्र त्यांनी कॉलेजसाठी मागून आणलं होतं. तिथले साहेब म्हणाले होते, "नंदुरबारला? तिथे धूळ, ऊन, सारखी वीज जाते. तिथे हे कसं टिकेल?" मॅडमनी विचारलं होतं, "मी कुठून आले होते?"

"मी बीएस्सीला असताना अशा यंत्राची आकृती डोळे मिटून काढायचे," त्या एकदा म्हणाल्या. "सुबक आकृती, पैकीच्या पैकी मार्क. आणि खरं यंत्र समोर आलं, तेव्हा त्याला हात कुठून घालायचा हे कळेना. सोबतची पोरं हसली. आता इथल्या मुलींवर हसायचं असेल, तर हसणाऱ्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

माझ्या एकांकिकेतल्या मुलीच मग त्यांच्या मदतनीस झाल्या. मोजे, टोप्या, पांढरे अंगरखे. मी तक्रार केली, तर एक म्हणाली, "सर, तुमच्या नाटकात आम्ही झाड होतो. इथे पंप लावतो."

गावात मात्र यंत्राचं नाव पडलं 'मॅडमचा पाइप'. रिक्षावाले गोडाऊनशी थांबून विचारायचे, "मॅडम, अ‍ॅक्सिलेटर तं मन्हा रिक्षाले बी शे. तुम्हना कितला पळस?" मॅडम आतून ओरडायच्या, "तुन्हा रिक्षाना हॉर्न वाजाना आधी सुरत!"

सगळ्यात मोठा टीकाकार मात्र घरचाच होता. मॅडमचे थोरले भाऊ. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पांढऱ्या मिशा, धोतर, टोपी. दर बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून यायचे, दारात प्लास्टिकची खुर्ची टाकायचे आणि उंबरठ्याच्या आत पाऊल न टाकता सुरू करायचे.

"काय वं, भरायना का तुन्हा पाइप?"

"आप्पा, तो भरना नही शे. रिकामा करना शे."

"रिकामा पाइप तं मन्हा वावरमा बी शेतस. त्यानाकरता इतली मेहनत कसाले?"

"तुन्हा पाइपमाईन पानी जास. मन्हामाईन आर्गॉन जाई."

"कवय?"

या 'कधी'वर मॅडम पुन्हा पाइपात डोकं घालायच्या. आप्पा मिशीवरून हात फिरवायचे आणि चहा मागवायचे. लग्न मोडून गेलेल्या बहिणीला आपण बोलावलं नाही, की बोलावूनही ती आली नाही, यावर दोघांकडे दोन वेगळे इतिहास होते. दोन्ही मी ऐकले. दोन्ही ऐकताना पटायचे.

माहेरी आलेल्या मुलींचा सण म्हणजे आमच्याकडे आखाजी. झोके, गाणी, आमरस. त्या आखाजीला कॉलेजला सुटी होती, पण मॅडम गोडाऊनमध्येच. यंत्र जवळजवळ जोडून झालं होतं. बाजूच्या एका फाट्याच्या तोंडाला नुसतं प्लास्टिकचं झाकण होतं, ते तोंड संध्याकाळी कायमचं बंद करायचं होतं. भरदुपारी आप्पा डबा घेऊन हजर. पुरणपोळी, आमरस, कुरडया.

"आखाजीले पोरगी घर येस," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "तू घर येत नही, तं घरच आठे लिई उनू."

मॅडमनी मोजे काढले. आम्ही मागच्या ओसरीत जेवायला बसलो. आप्पा म्हणाले, "तुम्ही जेवा. मी पाह्यस जरा, काय शे ते." आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत गेले, हात पाठीमागे बांधून, सोयरीक बघायला आल्यासारखे.

संध्याकाळी झाकण लागलं. पंप सुरू झाले. आणि तिथून आमचे ग्रह फिरले.

हवा उपसली की आतला दाब दाखवणारा काटा खाली यायला हवा. तो यायचा, यायचा आणि एका जागी अडून बसायचा. तिथून पुढे हटायचा नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो. आमचा पाइप बुडवायला तापीच लागली असती. म्हणून मॅडम प्रत्येक सांध्यावर थेंबभर स्पिरिट सोडायच्या आणि मुली काट्यावर डोळे लावून बसायच्या; गळती असेल तिथे काटा उडी मारतो. एकाही सांध्यावर काटा उडी मारेना. वीज जायची, पंप थांबायचे, हवा आत शिरायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आत कोणता वायू उरलाय ते सांगणारं एक छोटं उपकरण लावलं. ते म्हणालं, पाणी. दुसऱ्या दिवशीही पाणी.

"मे महिन्यात? नंदुरबारात?" मी म्हणालो. "मॅडम, नळाला नाही आणि पाइपात पाणी?"

इकडे संस्थेत वेगळंच शिजत होतं. अध्यक्षांना त्या गोडाऊनचं मंगल कार्यालय करायचं होतं. कॉलेज उघडल्यावरच्या पहिल्या बैठकीपर्यंत यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर जागा रिकामी, आणि यंत्र भंगारात. ते स्वतः सांगायला आले. शिंकत आले.

"मॅडम, हट्ट सोडा. या मिरचीच्या धुळीत हे होणार नाही."

पाना खाली. चष्मा वर. "कोन म्हनस?"

"अहो, सगळेच म्हणतात!"

"मग सगळ्यांना पाठवा आत. एकेकानं माझ्यासमोर म्हणू दे."

अध्यक्ष गेले. मॅडम मात्र जमिनीवर बसल्या. मोजा काढून त्यांनी उघडा तळवा पाइपावर बाहेरून ठेवला. आजारी ढोराच्या अंगावर ठेवावा तसा. "तिकडे काही चुकलं, तर खोलीभर माणसं मिळून चुकायची," त्या म्हणाल्या. "इथे मी चुकले, तर लोक म्हणतील, नंदुरबार चुकलं."

मी आयुष्यात पुष्कळ दुःखान्त बसवले. पण त्या वाक्यानंतर किती थांबायचं, हे मला कोणालाही शिकवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, पाइप तापवायचा. पाणी असेल तर ते वाफ होऊन पंपातून निघेल. सगळ्या पाइपाला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळल्या, वर चंदेरी कागद. बाहेर खानदेशी मे महिना, आत भट्टी. मला ते सोसेना. मी चहाचा ग्लास घेऊन गोडाऊनच्या मागे गेलो. तिथे पंपाची धुराडी भिंतीतून बाहेर काढली होती. मी निवांत उभा राहिलो, एक घोट घेतला, आणि तोंडाला पाणी सुटलं.

पुन्हा वास घेतला. मंडळी, मला विज्ञान येत नाही, पण लोणचं ओळखू येतं. तेलाच्या वासाच्या आडून अस्सल, तिखट, आंबट, मुरत आलेलं लोणचं.

मी आत धावलो. "मॅडम, तुमचा पाइप लिंबाचं लोणचं घालतोय!"

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या मागे गेल्या, धुराड्याला नाक लावलं, डोळे मिटले. आल्या त्या पंप बंद करतच. पाइप निवला तसा त्यांनी आखाजीला नुसतं प्लास्टिकचं झाकण असलेल्या त्या बाजूच्या फाट्याचा एकेक बोल्ट सोडला आणि लांब चिमट्यानं आतून एक गोष्ट ओढून काढली.

काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक लिंबू आणि सात मिरच्या.

मिरच्या कागदासारख्या झाल्या होत्या. लिंबू तळहातावर घेतलं, तर फुगा हातात घेतल्यासारखं, वजनच नाही. ज्या यंत्राला आम्ही बोटाचा ठसा लागू दिला नाही, त्याच्या पोटात हे अख्खं गाठोडं इतके दिवस वाफा सोडत बसलं होतं. कोणीतरी हसू दाबलं. मॅडमनी दोऱ्याची गाठ बघितली. केळीच्या घडाला दोरी बांधताना त्यांच्या घरात मारतात, तशी दुहेरी, उलटी गाठ.

त्या दिवशी बाजार होता. आप्पा दारात खुर्चीवर होते.

"आप्पा, हाई काय शे?"

आप्पांनी रस्त्याकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग टोपी काढून पुन्हा घातली. "मशीनले नजर लागाले नको म्हनीसन ठेवं."

"मंग बाहेर टांगतस ना! मझार कसाले?"

"बाहेर टांगं तं लोके हासतीन ना तुले," आप्पा एकदम चिडून म्हणाले. "म्हनतीन, इतली शिकेल बाई, आनि लिंबू टांगस."

दर आठवड्याला भर दारात बहिणीची टर उडवणारा हा माणूस; तिला दुसरं कोणी हसू नये म्हणून त्यानं नजरेचा उतारा कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेवला होता. नेमक्या त्याच जागी.

मॅडमनी ते लिंबू-मिरचीचं गाठोडं हातात घेतलं, आतून एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि गोडाऊनच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल असं, ते टांगलं. संध्याकाळी अध्यक्ष आले. वर बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा? हे तुमच्या विज्ञानात बसतं का?"

"मी काट्याला विचारलं," मॅडम म्हणाल्या. "त्याचं म्हणणं, आत चालत नाही. बाहेर असेल तर त्याची हरकत नाही. हसायचं असेल तर बाहेरच उभं राहून हसा. आत आम्हाला काम आहे."

काटा उतरला. पाणी उतारावरून जावं तसा उतरला. मग दोन लाख व्होल्ट चढवायचे होते. ते एकदम चढत नाहीत. थोडे चढवायचे, आत कडाड ठिणगी पडते, थांबायचं, पुन्हा चढवायचे. यंत्राला विजेची सवय लागेपर्यंत मॅडम काचेच्या पलीकडे बसून त्याला दटावत होत्या, "ओरड. ओरडून घे. मग चालायचंय."

बैठकीच्या सकाळी सगळे जमले. दारं बंद, दिवे बंद. मॅडमनी चुंबकाचं बटण केसाएवढं फिरवलं. पाइपाच्या टोकाशी असलेल्या खिडकीतल्या पडद्यावर काही नव्हतं; मग एक निळा ठिपका होता. नखाएवढा. थरथरला आणि स्थिर झाला. माझ्या सगळ्या मुली एकदम रडल्या. मिरचीनं नव्हे, मी शपथेवर सांगतो.

अंधारात अध्यक्षांचा आवाज आला, "एवढंच?"

"कोन म्हनस एवढंच?" मॅडम काचेवरून नजर न काढता म्हणाल्या. "हे आर्गॉनचे आयन आहेत. या जिल्ह्यात हे आजपर्यंत कोणाचं ऐकून एका रेषेत चाललेले नाहीत."

त्यांनी आप्पांना हाक मारली. आप्पा दारातून उठलेच नाहीत. "मी नही येस," ते म्हणाले. "मांगला टाइमले मी मझार उनू, तं तुन्हा महिना वाया गया."

मंगल कार्यालय मागे पडलं. अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं, की हे यंत्र म्हणजे त्यांचं जुनं स्वप्न. मॅडम शेजारी उभ्या राहून इतक्या गोड हसल्या, की मी त्यांना माझ्या पुढच्या एकांकिकेत घ्यायचं ठरवून टाकलं. त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, "पाइपात उभं करणार असाल तर येते."

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. सुरतेच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा बोलायला त्रास होत होता. तरी पहिला प्रश्न, "काटा कुठवर?" मी आकडा सांगितला. त्यांनी कपाळाला आठी घातली. "अजून खाली जायला हवा," म्हणाल्या. मुलींना निरोप काय देऊ, असं विचारलं, तर म्हणाल्या, "सांगा, मोजे धुवा."

आणि तेरावा होतो न होतो, तोच संस्थेची दोन माणसं मोजपट्टी घेऊन गोडाऊनशी आली. मॅडम नाहीत म्हणजे यंत्रही नाही, असा त्यांचा हिशोब. दारात प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीत आप्पा होते.

"आप्पा, जरा सरका. जेवणाच्या हॉलचं माप घ्यायचंय. मशीन तर आता बंदच झालं ना?"

आप्पांनी दोन्ही पाय उचलले, दाराच्या समोरच्या चौकटीला टेकवले आणि डोळे मिटून घेतले. आतून पंपाची घरघर येत होती. एक मुलगी पांढऱ्या अंगरख्यात बाहेर डोकावली आणि म्हणाली, "सर, दार लावून घेतो. आत प्रॅक्टिकल चालू आहे." त्या दोघांतल्या एकानं मोजपट्टी उघडली, आप्पांच्या पायांकडे बघितलं आणि गुंडाळून खिशात ठेवली.

ती गेल्यावर मी म्हणालो, "आप्पा, चला की आत. एकदा तरी बघा."

त्यांनी दारावरच्या वाळक्या लिंबाकडे बघितलं. मग उठले. जोडे बाहेर काढले. धोतराला हात पुसले, उलटे, सुलटे, आणि ते पाठीमागे घट्ट बांधले, चुकूनही बोट लागू नये म्हणून. मुलींनी दिवे घालवले. आप्पा वाकले आणि त्यांनी खिडकीच्या काचेला डोळा लावला. त्यांच्या पांढऱ्या मिशीवर किंचित निळसर उजेड पडला होता.

ते हलेनात. मला राहवेना, स्वभावच असा. मी कानाशी जाऊन म्हणालो, "बस, एवढंच आहे आप्पा."

त्यांनी काचेवरचा डोळा काढला नाही.

"कोन म्हनस?"